लढाईत गेलेल्यांची नोंद कशी करावी: खानदेशातल्या नवख्यांसाठी

गावातल्या पारावर विचारून बघा, "आपल्या गावातले लढाईत किती गेले?" पहिला म्हणेल तीन. दुसरा म्हणेल, पाच-सहा तरी असतील. तिसरा, ज्याचा आजा खरोखर गेला होता, तो बिडी विझवून गप्प बसेल. नोंद करायची तर वही त्या तिसऱ्यापुढे उघडायची.

नोकरीतून सुटल्यापासून तालुक्यातल्या सात गावांपुरतं हे काम मी करतोय. दरवर्षी कॉलेजातली दोन-चार पोरं येतात, "सर, आम्हालाही करायचंय" म्हणतात, आणि आठ दिवसांत गावाचा आकडा घेऊन हजर होतात. आकडा घेऊन मी काय करू? मला माणूस हवा असतो: त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, तो कधी, कुठे, कशानं गेला, आणि हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं. एवढं प्रत्येकाचं लिहिलं की आकडा शेवटी आपोआप निघतो, आणि तो बहुतेक वेळा पारावरच्या दोन्ही आकड्यांपेक्षा वेगळा असतो.

एक शब्द आधी नीट करून घेऊ. वर्तमानपत्रात 'हताहत' छापतात आणि वाचणारे त्याचा अर्थ 'मेलेले' असा घेतात. हत म्हणजे मेलेला, आहत म्हणजे जखमी. "वीस हताहत" यात मेले किती हे कळतच नाही. तुमच्या वहीत हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. तिसरा रकाना बेपत्ता माणसांचा. त्याबद्दल पुढे येतंच.

आधी कुंपण

कोणती लढाई, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि कुणाला धरायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हे न ठरवता निघालेली पोरं महिन्याभरात अडकतात. पलटणीत नव्हता पण खेचरं हाकायला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेला आणि तिकडेच तापानं मेला, तो धरायचा का? माझं उत्तर, धरायचा. बंदूक हातात असणाऱ्यांची नोंद सरकारनं थोडीफार तरी ठेवली. हमाल, भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी यांची फार कच्ची ठेवली. सुटीवर घरी आला आणि १९१८ च्या साथीत इन्फ्लूएंझानं गेला, तो? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणजे दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतल्या मेलेल्यांच्या कबरी, स्मारकं आणि याद्या सांभाळणारी संस्था. पहिल्या महायुद्धासाठी तिची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ अशी आहे आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. त्या काळात नोकरीत असताना मेलेला शिपाई त्यांच्या हिशेबात बसतो, मग तो गोळीनं मरो की तापानं. मी हेच कुंपण उसनं घेतलं. तुम्ही वेगळं घाला, पण लिहून ठेवा, आणि बदललंत तर बदलल्याची तारीख टाका.

गाव कोणतं धरायचं, जन्माचं की राहतं? माझ्या वहीत भरती होताना राहतं गाव. नाहीतर एकच माणूस दोन गावांच्या पाटीवर चढतो, आणि दोन्ही गावं ते नाव सोडायला तयार नसतात.

लढाई म्हणजे फक्त सीमेवरची, असंही नाही. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. भीमा नाईक, खाज्या नाईक ही पुढाऱ्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. त्यांच्याबरोबर जे पडले ते इंग्रजी कागदांत आकडा होऊन येतात. अधिकारी मात्र नावानिशी येतात. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ च्या गोळीबारात शिरीषकुमारसह पाच जण गेले, आणि ती पाचही नावं शाळेतली पोरं धडाधड सांगतात. त्याच जिल्ह्यात रावलापाणीला २ मार्च १९४३ ला गोळीबार झाला. तिथल्या किती जणांची नावं सांगता येतील तुम्हाला? पहिली घटना बाजारपेठेच्या गावात, शाळकरी पोरांच्या मिरवणुकीवर झाली, दुसरी नाल्यात, आदिवासींवर. नाव कुणाचं उरतं हे असं ठरत आलंय, म्हणून आपली नोंद मुद्दाम उलट्या टोकापासून सुरू करावी.

वहीत शहीद, हुतात्मा, वीर हे शब्द नकोत. ते पाटीवर शोभतात. वहीत सगळ्यांना एकच शब्द, मृत्यू.

वही कशी आखायची

एका माणसाला एक पान. वर क्रमांक, आणि तो क्रमांक आयुष्यभर त्याचाच. नोंद चुकीची निघाली तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. खाली नाव, बापाचं नाव, घरी हाक मारायचे ते नाव, जन्म, गाव-तालुका, पलटण आणि नंबर, मृत्यूची तारीख, ठिकाण, कारण. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात शत्रूच्या मृत सैनिकाबद्दल काय काय टिपायचं ते दिलंय, त्यातही थोड्याफार फरकानं हेच रकाने आहेत. लढणाऱ्या सैन्यानं शत्रूसाठी एवढं लिहायचं, तर आपण आपल्या गावकऱ्यासाठी लिहायला हरकत नसावी.

प्रत्येक रकान्यापुढे 'कुठून कळलं' हा छोटा रकाना हवाच. एका पानाला एकच आधार लिहून भागत नाही; नाव एकीकडून कळतं, तारीख दुसरीकडून. आणि शेवटी दर्जा. माझ्याकडे तीन आहेत: पक्की, बहुतेक, ऐकीव. पक्की म्हणजे एकमेकांवर न अवलंबलेले दोन आधार. गावातल्या पाटीवरून तलाठ्यानं लिहिलं आणि तलाठ्याकडून पत्रकारानं घेतलं, तर ते दोन आधार होत नाहीत, तो एकच.

खोडरबर घरी ठेवा. चूक झाली तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख आणि कारण. व्हाइटनर तर नकोच.

मग संगणकावर चढवताना एक्सेलपासून सावध. सैनिकाच्या नंबराआधीचं शून्य ते खाऊन टाकतं, आणि १९०० च्या आधीची तारीख त्याला तारीख म्हणून कळत नाही. सगळे रकाने आधी 'टेक्स्ट' करून घ्या. माझे पहिले बावीस नंबर असेच बिघडले होते.

कागद

गावातल्या कागदांत लोक पहिल्यांदा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, शोधतात. जन्मासाठी ते सोनं आहे. पण इराकमधल्या बसऱ्याला मेलेल्या माणसाचा मृत्यू गावच्या कोतवालाकडे कशाला चढेल? मृत्यूसाठी वारस नोंदी आणि फेरफार बघा. "अमुक मयत, वारस बायको व अज्ञान मुलगा" अशी ओळ जमिनीच्या निमित्तानं सापडते, कारण जमीन कुणी विसरत नाही. फक्त ती तारीख वारस लागल्याची आहे, मृत्यूची नाही.

शाळेचं दाखलखारीज रजिस्टर वय ठरवायला बरं, पण जन्मतारीख १ जून दिसली की हसा आणि दर्जा 'ऐकीव' टाका. निम्मा महाराष्ट्र गुरुजींच्या कृपेनं १ जूनला जन्मलाय. जुने कागद मोडीत असतील तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे मोडी वाचणारे विचारावेत. स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरची नावं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यानपिढ्यांची नावं असतात. बापाचं, आजाचं नाव जुळवायला त्यासारखं दुसरं साधन मला तरी माहीत नाही. एक दिवस मोडतो, पण जा.

वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावानं शोधाल तर दमाल. जादा माहितीच्या रकान्यात खानदेश टाका, इंग्रजीत एच घालून, मग एच गाळून. ईस्ट आणि वेस्ट दोन्ही बघा. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले, नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. शहाद्याचा माणूस तिथे 'वेस्ट खानदेश'मध्ये सापडेल.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं गावोगावी दगड बसवले: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मेले. महाराष्ट्रातही असे दगड आहेत. दगडावर नाव एकही नाही. बसऱ्याच्या स्मारकावरही १९२९ साली भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. कमिशननं २०२१ च्या अहवालात स्वतःच मान्य केलं की निदान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांची नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही. त्यातले बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले, पण ज्यांना गोऱ्यांपेक्षा वेगळी वागणूक दिली, त्यांत आपलेही आहेत. दगड सापडला तर त्याचा फोटो काढा, मोजमाप घ्या, आणि तो आकडा तुमच्या यादीशी ताडून बघा. यादीची सुरुवात मात्र त्यावरून करू नका.

घरात गेल्यावर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठवड्यात जा. माझा हा सल्ला कुणी पाळत नाही. घरातले पुरुष सांगतात ते पलटण, पदक, सत्कार. आठवण असते ती बहिणीला, पुतणीला, आणि ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. आखाजीला ती माहेरी येते, झोक्याजवळ बसते, तिच्याशी बोला. अहिराणीत बोला. प्रमाण मराठीत विचारलं की म्हातारी माणसं साहेबाला द्यावी तशी उत्तरं देतात, "हो, हो, बरोबर." मी एका आजीला विचारलं होतं, "माय, भाऊनं काय झायं?" ती म्हणाली, "लढाईमा गया, परत उना नही." एवढंच. मी ते जसंच्या तसं लिहिलं आणि कारणाचा रकाना रिकामा ठेवला. माझ्याबरोबरच्या पोरानं घाईनं 'वीरमरण' लिहिलं होतं. तिनं तसं म्हटलंच नव्हतं.

उत्तर तोंडात घालू नका. "१९४३ साली ना?" असं विचारू नका, "गेला तेव्हा शेतात काय चाललं होतं?" असं विचारा. कपाशी वेचणी, श्रावणातला कानबाईचा उत्सव, पोळा, सारंगखेड्याची जत्रा यावरून महिना निघतो. "तार आली तेव्हा कानबाई उठवायची होती" असं कुणी सांगितलं तर ती तारेची तारीख. माणूस त्याआधी कित्येक आठवडे गेलेला असू शकतो. वहीत दोन वेगळ्या ओळी करा: मृत्यू कधी, आणि घरी कळलं कधी. या दोघांची गल्लत ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक.

पदक दाखवलं तर कडा बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव, पलटण ठोकलेली असते. चिंचेनं घासू नका, अक्षरं जातात. खिडकीपाशी नेऊन उजेड बाजूनं पडू द्या, हळूहळू फिरवा, मोबाइलवर चार फोटो काढा. मेलेल्याच्या घरी काशाची एक मोठी गोल चकतीही येत असे, तिच्यावर नाव असतं पण हुद्दा नसतो. एका घरी तिच्यावर दळणाच्या डब्याचं झाकण ठेवलेलं होतं. बहुतेक घरांत ती मोडीत गेलेली असते. कुठलीही वस्तू, कागद, फोटो घराबाहेर न्यायचा नाही, "उद्या आणून देतो" म्हणूनही नाही.

तीन गोष्टी निघाल्या की घर गप्प होतं: पेन्शन, जमीन आणि पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. विधवेनं पाट लावला असेल तर तो विषय तुमचा नाही. ते कळलंच तर वेगळ्या वहीत, आणि ती वही कुणाला दाखवायची नाही. ज्या देशात लढाई चालूच आहे तिथे नोंद करणारे साक्षीदाराचं नाव याच कारणानं वेगळं आणि कुलपात ठेवतात. नाव फुटलं तर त्याचा जीव जातो. आपल्याकडे जीव जात नाही, भावकी मोडते. सांगणाऱ्याला आधीच विचारा: तुमचं नाव लिहू का, आणि छापू का? दोन वेगळे प्रश्न आहेत.

एक माणूस की दोन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मूल जगत नसलं की नाव ठेवायचं दगडू, धोंडू, उखा, भिका. त्यामुळे एका पिढीत प्रत्येक गावात दोन-तीन दगडू. आडनावाचं म्हणाल तर खानदेशात दगड भिरकावला तर पाटलाला लागतो. गावाचंही तेच: पिंपळगाव, वडगाव, सावखेडा किती आहेत मोजा, मग त्यात खुर्द, बुद्रुक आणि जुन्या परगण्याचा 'प्र.'.

समजा तीन नोंदी आहेत. शाळेच्या पाटीवर "दगडू पाटील". कमिशनच्या यादीत "दगडू लहानू, ईस्ट खानदेश", १९४४, इटली. आणि एक आजी सांगते, "आमचा भिकन, बर्मात गेला." पाटी आणि यादी जुळवायचा मोह होतो. थांबा. शाळेच्या रजिस्टरात त्या वर्षांतले सगळे दगडू काढा. बापाचं नाव लहानू असलेला एकच निघाला, आणि पाटी बसवणाऱ्या मंडळाच्या कागदात त्याचाच नंबर असला, तर जुळवा. भिकनचं काय? बर्मा म्हणजे नक्की बर्मा असेल असं नाही, लांबच्या लढाईला घरोघर 'बर्मा' म्हणायचे. पण म्हणून त्याला दगडूत मिसळायचं नाही. बापाचं नाव विचारा. ते लहानू निघालं तर दगडूचं घरचं नाव भिकन होतं का, की हे दोन भाऊ? दोन भाऊ निघालेले मी पाहिलेत. कळेपर्यंत दोन पानं, दोघांवर 'जुळणी बाकी'. जुळवायची घाई केली तर एक माणूस पुसला जातो, जुळवलं नाही तर एकच माणूस दोनदा मरतो. माझ्या मते दुसरी चूक परवडते, कारण ती उद्या दुरुस्त करता येते.

अशी छाननी केली की यादी बहुतेक आकसते, आणि लोक रागावतात. माझी तेवीसवरून एकोणीसवर आली तेव्हा एका गावानं मला चहा पाजायचं बंद केलं. बोस्नियाच्या १९९२-९५ च्या युद्धात दोन लाख मेले असं सगळे म्हणत. सारायेव्होच्या संशोधकांनी नावानिशी यादी केली तर ती सुमारे ९६ हजारांवर थांबली. मेलेले कमी केले म्हणून त्यांना शिव्या बसल्या. पण त्या यादीतलं प्रत्येक नाव दाखवता येतं. दोन लाखांतलं एकही दाखवता येत नव्हतं.

याद्यांत न आलेल्यांचा अंदाजही काढतात, तो वेगळा उद्योग. तापीच्या एखाद्या डोहात शंभर मासे धरून खूण करून सोडले, पुन्हा शंभर धरले, त्यांत वीस खुणेचे निघाले, तर डोहात साधारण पाचशे असावेत. याद्यांचंही तसंच, दोन याद्यांत समान नावं किती यावरून बाहेर राहिलेल्यांचा अदमास येतो. सीरियाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं २०२२ मध्ये सांगितलं की दहा वर्षांत ३,०६,८८७ नागरिक मेले असावेत. त्यांत नाव, तारीख, ठिकाण यांसह नोंद असलेले १,४३,३५०, बाकी अंदाज, आणि दोन्ही आकडे त्यांनी वेगवेगळे दिले. गावपातळीवर हे गणित करू नका, मासे फार थोडे आहेत. त्यांचा वेगवेगळं सांगायचा बाणा मात्र घ्या: "नावानिशी पक्के अकरा, बहुतेक चार, ऐकीव चार."

बेपत्ता

प्रेत आलं नाही, तार आली नाही, की घरचे काही वर्षं थांबतात आणि मग पालाशविधी करतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. कायदाही सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर माणूस मृत धरतो. वहीत मात्र तो बेपत्ताच. विधी केल्याची तारीख लिहा, मृत्यूची जागा कोरी सोडा. कोरी जागा बघून अस्वस्थ वाटतं, भरावीशी वाटते. भरू नका.

बाहेर काढताना

छापण्याआधी प्रत्येक घरी जाऊन त्यांचं पान वाचून दाखवा. वाचायला देऊ नका, वाचून दाखवा. ऐकताना माणसं चुका पकडतात. हयात नातेवाइकांचे पत्ते, फोन, पेन्शनचे नंबर छापायचे नाहीत. कुंपण कसं घातलं आणि दर्जा कसा दिला ते पहिल्याच पानावर छापा. जगभरच्या नोंदकर्त्यांनी मिळून २०१६ मध्ये या कामाचे नियम बांधले, संयुक्त राष्ट्रांनी २०१९ मध्ये मार्गदर्शिका काढली. दोन्हींचा भर यावरच आहे की कसं मोजलं ते उघड सांगा आणि दुरुस्तीला दार उघडं ठेवा. महायुद्धातलं एखादं नाव कमिशनकडे नसेल आणि तुमच्याकडे कागद असतील, तर पाठवा. ते तपासतात. वेळ लागतो.

माझ्या वहीत सतरा क्रमांकाचं पान अजून बेपत्ता आहे. त्याची पुतणी सुरतेला असते, गेल्या आखाजीला आली नाही. तिचा भाऊ म्हणतो, यंदा येईल. वही तयार आहे, पेनही निळं घेतलंय, कारण काळ्या शाईची झेरॉक्स आणि मूळ पान मला चष्म्यातूनसुद्धा वेगळं ओळखता येत नाही.